सदतिसाव्या नंबरवरचा माणूस

सलोनीनं फोन माझ्यापुढं धरला. “आजी, हा बघ. बोरिंग दिसतो, बट ह्याच्याबद्दलचं फ्रेंच ईझी आहे. ह्यालाच घेऊ का?” माझ्या नातीला शाळेत दुसरी भाषा म्हणून फ्रेंच आहे, आणि बाईंनी प्रत्येकाला एकेक फ्रेंच पुढारी निवडून त्याच्यावर वर्गात बोलायला सांगितलं होतं. मी मेथी निवडत बसले होते. ओल्या बोटांनी चष्मा वर सरकवला आणि बघितलं. फोनवर एक यादी होती. पुढाऱ्यांचे फोटो, प्रत्येकाच्या डावीकडे नंबर, उजवीकडे दोन अंगठे, एक वर केलेला आणि एक खाली. माणूस आवडत असेल तर वरचा दाबायचा, नसेल तर खालचा. त्यावरून नंबर चढतो-उतरतो. सदतिसाव्या नंबरवर टक्कल पडलेला, मोठ्या कानांचा एक माणूस मान जरा वाकडी करून हसत होता. डाव्या भुवईतून एक पांढरी रेघ गेली होती, आणि त्या रेघेपाशी भुवईचे केस जुळत नव्हते, वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा थोडी पुढं सरकलेली. असे तिरके टाके माझे येतात. पस्तीस वर्षं नर्सिंग केलं, तरी हात तसाच राहिला. “नाव काय गं ह्याचं?” मी विचारलं. “रेमी व्होक्लेर. का?” मेथीची काडी हातात होती ती मी पानांत टाकली आणि पानं कचऱ्यात, आणि मग लीना, माझी सून, स्वयंपाकघरातून येऊन म्हणाली, “अहो आई, हे काय करताय?” तेव्हा मला कळलं की मी सगळी भाजी उलटीच निवडत होते.

हा माणूस मेला असं मी धरून चालले होते. इराकनं कुवेतवर आक्रमण केलं त्या वर्षी, सप्टेंबरमध्ये, तो माझ्या नवऱ्याच्या, प्रतापच्या, गाडीच्या डिकीत शिरला, आणि ती गाडी सालमियातल्या आमच्या बिल्डिंगच्या मागच्या गल्लीतून निघून गेली. त्यानंतर मी ना गाडी पाहिली, ना प्रतापला, ना ह्याला. एका गाडीत दोन माणसं होती, तेव्हा जे झालं ते दोघांचं झालं असणार, इतका साधा हिशेब मी इतकी वर्षं मनात ठेवला होता. त्या हिशेबावर मी जगले. त्या हिशेबावर मी लढाई संपल्यावर परत इथंच नोकरीला आले, इथंच मुलाला वाढवलं, म्हातारी झाले. आता तो हसत होता. तो हसत असेल तर प्रतापचं काय झालं, हा प्रश्न पहिल्यांदाच खरा प्रश्न झाला, म्हणजे ज्याला कुठंतरी उत्तर आहे असा.

मला तो आवडत नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. प्रताप आणि तो मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत एकाच कामावर होते. प्रताप इन्स्ट्रुमेंटचा इंजिनिअर, हा फ्रान्सहून कंत्राटावर आलेला पोरगेला माणूस. इराकी सैनिक गोऱ्या लोकांना घराघरातून उचलून नेऊ लागले तेव्हा प्रताप एका दुपारी ह्याला घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, “चारदोन दिवस.” रेडिओवर तर सांगत होते की परदेशी माणसाला लपवणाऱ्याला फाशी. आम्ही हिंदी लोक, आम्हाला कुणी हात लावत नव्हतं; रांगेत उभं राहून खुबूसच्या रोट्या आणता येत होत्या, कामावर जाता येत होतं. आणि घरात हा. सहा फूट उंच. माझ्या मुलाच्या, निखिलच्या, खाटेवर पाय बाहेर काढून झोपायचा. निखिल तेव्हा सात वर्षांचा, उन्हाळ्याच्या सुट्टीत नाशिकला आजीकडे गेलेला; इथल्या सगळ्यांचीच मुलंबाळं तेव्हा सुट्टीसाठी गावी होती, मलाच तेवढी रजा मिळाली नव्हती. रेमी आंघोळ करताना शीळ घालायचा. हिंदी बाईच्या बाथरूममध्ये कोण शीळ घालतं? मी बाहेरून दारावर चापट मारायची, आणि दोन दिवसांनी त्याची शीळ पुन्हा. एकदा घाईत, जिन्यात बुटांचे आवाज आले म्हणून अंगाला साबण तसाच घेऊन धावला, घसरला, भुवई नळावर आपटली. दवाखान्यातून सुई-दोरा मी ओढणीच्या गाठीत आणला. बधिर करायचं औषध नव्हतं. प्रतापनं त्याचं डोकं मांडीवर घट्ट धरलं होतं आणि तो प्रतापचा शर्ट दातात धरून पडला होता. आज फोटोत त्याचे ते दात दिसत होते, पांढरे, एकसारखे, बहुतेक नवे केलेले.

निखिल शिफ्टवरून आला तेव्हा मी त्याला हातपायसुद्धा धुऊ दिले नाहीत. तोही रिफायनरीतच आहे, बापासारखा. आमच्यात त्यावर कधी बोलणं होत नाही. मी फोन पुढं केला. “हा बघ. रेमी. जिवंत आहे.” त्यानं पाहिलं. “कशावरून?” मी भुवईवर बोट ठेवलं. तो म्हणाला, “आई, वण कुणालाही असतो.” “नाव तेच आहे.” “बरं, असेल तोच. मग?” मी म्हटलं, “मग त्याला माहीत आहे.” निखिलनं बूट काढले, मोजे काढून बुटात कोंबले. “काय माहीत आहे?” तो अगदी हळू बोलतो अशा वेळी, रोग्याशी बोलावं तसा. लीना म्हणाली, “अहो, जेवून तर घ्या आधी,” आणि तो विषय तिथं झाकला गेला. त्याच्यावर झाकण ठेवायची आमच्या घरात सगळ्यांनाच सवय आहे.

कारण निखिलनं लहानपणीच दुसरी गोष्ट ऐकली होती. ती सुरू झाली यूसुफभाईंपासून, आणि त्यांचा काही दोष नव्हता. ते रत्नागिरीकडचे, शुवैखला त्यांचं मोटारींच्या स्पेअर पार्टचं दुकान, प्रतापची कॅप्रिस गाडी त्यांच्याकडेच दुरुस्तीला जायची. त्या सकाळी त्यांनी चौथ्या रिंग रोडच्या नाक्यावर ती गाडी पाहिली. प्रताप चालवत होता, आणि त्याच्या शेजारच्या सीटवर एक इराकी सैनिक बसला होता, बंदूक गुडघ्यांत धरून. एवढंच. यूसुफभाईंनी ते मला सांगितलं, आणखी एकदोघांना सांगितलं. मला ऐकताच कळलं. सैनिक तेव्हा वाटेल त्या गाडीला हात करायचे, आत बसायचे, अमुक ठिकाणी सोड म्हणायचे. नाही कोण म्हणणार? प्रतापनं त्याला शेजारी बसवून घेतलं असेल आणि मागं डिकीत रेमी. पण रेमीचं मी कुणाला सांगू शकत नव्हते, फाशी होती. आणि सांगता येण्याजोगे दिवस आले तोवर लोकांनी आपलं आपण ठरवून टाकलं होतं. प्रताप सैनिकांबरोबर हिंडतो. प्रताप बंगल्यांमधले एसी, फ्रीज इराकात बसऱ्याला पोचवतो. प्रतापनं तिकडं घर केलं. मी शेवटच्या बसगाड्यांपैकी एकीत बसून बगदादमार्गे अम्मानला आणि तिथून विमानानं मुंबईला उतरले, तर माझ्या आधी ही गोष्ट नाशिकला पोचलेली. माझे दीर सुभाष एका लग्नाच्या पंगतीत कुणाला तरी म्हणाले, “दादा तिकडंच राहिला. खुशीनं.” निखिल शेजारी जिलबी खात बसला होता. त्यानं मला हे कधी सांगितलं नाही. मला जावेकडून कळलं. तो दहा वर्षांचा असेल. त्या दिवसापासून त्यानं बाबा कधी येणार हे विचारायचं सोडलं, आणि मला वाटत होतं की मुलगा शहाणा झाला.

मीही मग सांगून पाहिलं, नाही असं नाही. पण पुरावा काय? ज्या कुवेती बाईच्या घरी, जाब्रियात, रेमीला पोचवायचं होतं, ती दुसऱ्या दिवशी पोराला घेऊन आमच्या ओपीडीत आली, मी ताप बघत असताना तिनं नुसती मान हलवली. पोचले नाहीत. ती बाई पुढं लंडनला गेली ती गेलीच. राहिले कोण? फ्रेंच कंपनीला पत्रं लिहिली, त्यांचं ऑफिसच बंद झालेलं. लोकांपुढं मी रेमीचं नाव घेतलं की लोक डोळे खाली करून ऐकायचे. तेवढं सभ्यपण आपल्या लोकांत असतं. पहिल्या वर्षी मी परत आले तेव्हा इथल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेले. ओळीनं बायका बसलेल्या. यजमानीण माझ्यापुढं आली, तिचं बोट करंड्यात गेलं, वर आलं, आणि माझ्या कपाळापासून इतक्या अंतरावर थांबलं. तिला ठरवता येईना. नवरा मेला म्हणावं तर कुणी पाहिलं नाही, जिवंत म्हणावं तर तसा जिवंत. बोट हवेतच राहिलं, त्यावरचं कुंकू माझ्या नाकावर सांडलं. मग ती म्हणाली, “अय्या, फॅन किती जोरात आहे,” आणि पुढच्या बाईकडं गेली. पुढं मी अशा ठिकाणी चहा करायला आत उभी राहू लागले.

सलोनीकडून मी त्याच्या वेबसाइटवर निरोप लिहून घेतला. “आजी, फ्रेंचमध्ये लिहू?” “तुला येईल तसं लिही. लिही, मी मुक्ता. सालमिया. भुवई शिवली ती. प्रतापचं काय झालं, एवढंच सांग.” लगेच उत्तर आलं. सलोनीनं वाचलं आणि हसायला लागली. “आजी, हे ऑटोमॅटिक आहे. तुमच्या पाठिंब्याबद्दल आभार, असं सगळ्यांना जातं.” पुन्हा लिहिलं, पुन्हा आभार. त्या यादीच्या खाली जगाचा एक छोटा नकाशा होता. कुठल्या देशातून किती अंगठे आले ते ठिपक्यांनी दाखवलेलं. फ्रान्स सगळा लाल. त्याच्या नावाखाली कुवेतमध्ये एकच ठिपका होता, इतका बारीक की चष्मा काढून फोन डोळ्याशी धरावा लागे. तो माझा, निरोपाबरोबर मी वरचा अंगठा दाबला होता त्याचा. मला वाटलं, पुढारी माणूस आहे, हा नकाशा रोज बघत असणार. हा ठिपका मोठा झाला तर? हे मी विचारलं ते मंडळाच्या प्रभाकरना, फोन करून. प्रभाकर म्हणजे आमच्या मंडळाचे कायमचे अध्यक्ष. कुणाचं पोर गाण्याच्या स्पर्धेत उतरो, कुणाच्या भाचीचा मोदक-स्पर्धेत फोटो असो, लिंक ग्रुपवर पडते आणि दोन-तीनशे माणसं न बघता मत देऊन मोकळी होतात. त्यात कुणी कुणाला का म्हणून विचारत नाही. आज तुझं, उद्या माझं. “मुक्ताताई, तुम्ही इतक्या वर्षांत पहिल्यांदा काही मागताय,” प्रभाकर म्हणाले. “आपला मराठी माणूस आहे का कुणी?” “फ्रेंच आहे.” “फ्रेंच? मग सलोनीसाठी नवरा बघताय की काय?” “साठीचा आहे हो तो.” “मग तुमच्यासाठी?” आणि स्वतःच खो खो हसले. “टाका, टाका लिंक. बाकीचं माझ्याकडं लागलं.”

आपली माणसं एकदा सुरू झाली की थांबत नाहीत. सकाळी ग्रुपवर ‘सुप्रभात’च्या फुलांखाली प्रभाकर लिहायचे, आजचा अंगठा दिला का? नर्सेस दिला म्हणायच्या, अहमदीचे इंजिनिअर दिला म्हणायचे, त्यांनी अबुधाबीच्या, मस्कतच्या, बहारीनच्या मंडळांना पाठवलं. एका फोनवरून दिवसाला एकदाच देता येत होता, तर लोकांनी मुलांचे टॅबसुद्धा काढले. सदतीसचा एकोणतीस झाला. मग बावीस. मी दुपारी एसीच्या घरघरीत, पडदे ओढलेल्या खोलीत फोन घेऊन बसायची. बाहेर ऑक्टोबर असून दमट वाफ, काचेवर पाणी, आणि आत मी एका नंबरकडं बघत. हा चढला की मला आनंद व्हायचा, आणि आपल्याला आनंद होतोय हे कळलं की तोंड कडू व्हायचं. जो मनुष्य पस्तीस वर्षं जिवंत राहून मला दोन ओळी लिहू शकला नाही त्याला मी खांद्यावर घेऊन वर चढवत होते. पण मी मनाशी म्हणायची, त्या डिकीत पडून ह्यानं सगळं ऐकलं आहे. सैनिक काय म्हणाला, गाडी कुठं थांबली, प्रताप शेवटी काय बोलला, कोणत्या भाषेत बोलला. ते ऐकलेले दोन कान जगात शिल्लक आहेत, आणि ते कान आज बाविसाव्या नंबरवर आहेत. कधी वाटायचं, गाडी थांबल्यावर ह्यानं स्वतःहून डिकीला आतून लाथा मारल्या असतील. कधी वाटायचं, प्रतापनंच सांगितलं असेल, मागं कुणी नाही, आणि त्याला उतरवून घेऊन गेले, आणि गाडी तशीच उन्हात उभी राहिली, आणि रात्र पडेपर्यंत हा आत. कुठलंही चित्र मी शेवटपर्यंत नेऊ शकत नव्हते. झाकण उघडण्याच्या आधीच ते थांबायचं. निखिल यायचा, मी फोन उलटा ठेवायची. “कितवा?” तो विचारायचा. मी नंबर सांगितला की नुसता हुंकार. एकदा लीनाला म्हणताना ऐकलं, “करू दे. तिला काहीतरी करायला मिळालंय.”

नवव्या नंबरवर गेला आणि तिकडं बोभाटा झाला. आखातातल्या चिमुकल्या देशांतून ह्या माणसाला इतकी मतं कशी? यादीवाल्यांनी ते अंगठे काही काळ मोजायचे थांबवले. सलोनी शाळेतून पळत आली. “आजी, ही इज ऑन टीव्ही! आपल्याबद्दल!” आम्ही सगळे सोफ्यावर बसलो, निखिलसुद्धा, गणवेशातच. एक सोनेरी केसांची बाई प्रश्न विचारत होती. रेमीचा आवाज मी ओळखला. जाड झाला होता, पण वाक्याच्या शेवटी तसाच वर जायचा. सलोनी थांबवून थांबवून सांगत होती. बाई विचारतेय, तुम्हाला कुवेतमध्ये इतकी माणसं ओळखतात? तो म्हणतोय, मला तिथं कुणीही ओळखत नाही. तरुणपणी होतो, युद्ध झालं तेव्हा. हे कुणीतरी पैसे देऊन माझी बदनामी करायला केलंय. बाई विचारतेय, तेव्हा तुम्ही कसे वाचलात? सलोनी थांबली. “सांग ना,” मी म्हटलं. “तो म्हणतो, मी एकटा होतो. एका रिकाम्या घरात लपलो. घरातली माणसं आधीच गेली होती. त्यांनी जे मागं ठेवलं होतं ते खाऊन राहिलो. मग एके सकाळी बाहेर पडलो आणि चालत गेलो.” पुढं अजून बरंच होतं, पण निखिल उठला, म्हणून सलोनीनं फोन बंद केला. तिला बापाचा चेहरा वाचता येतो.

“रिकामं घर,” निखिल म्हणाला. मी म्हटलं, “मी होते ना घरात. मी त्याला वाढत होते.” “आणि ते?” “प्रतापही होता. दोघं होतो.” “आई, त्याला खोटं बोलून काय मिळणार आहे?” खोटं बोलून काय मिळतं ते मला दिसत होतं: एकट्यानं वाचलेला माणूस नवव्या नंबरवर शोभतो, दुसऱ्याच्या गाडीतून वाचलेला तितका शोभत नाही. पण मी सोफ्याच्या कापडावरचे धागे ओढत राहिले. निखिल खिडकीपाशी उभा राहून म्हणाला, “मी तुला कधी काही म्हटलं नाही. काका म्हणाले ते मी गिळलं. ते गेले असतील तर गेले, माझी तक्रार नाही. पण तू दोनशे लोकांना मध्ये घेतलंस. आता अख्खं कुवेत विचारणार, कोण हा फ्रेंच, आणि मग सगळं पुन्हा उकरलं जाणार. मला प्लँटवर रोज त्या लोकांत बसायचं असतं गं.” तो रागावला असता तर बरं झालं असतं. लीना त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली आणि मी, माझ्याच घरात, पाहुण्यासारखी उठून आत गेले. अंथरुणावर बसल्यावर मला एकाएकी वाटलं, खरंच रिकामं असेल घर. मीच नव्हते की काय? दवाखान्याचा तो डेटॉलचा वास, जिन्यातले बूट, मांडीवरचं ते घामेजलेलं डोकं, हे सगळं एका बाईनं नवरा टिकवण्यासाठी रचलेलं असेल. असं एक अख्खा दिवस मला वाटत राहिलं. त्या दिवसाइतकी मी कधीच घाबरले नाही, सैन्य आलं त्या दिवशीही नाही.

मंडळाला मात्र राग आला. प्रभाकरांचा फोन. “मुक्ताताई, पैसे घेऊन मतं दिली म्हणतो काय हा टकल्या? आमची इज्जत काढतो? आता बघाच.” ग्रुपवर लाल अक्षरांत आलं: आजपासून सर्वांनी खालचा अंगठा. आपली माणसं ज्या उत्साहानं चढवतात त्याच उत्साहानं उतरवतात. यादीवाल्यांनी मोजणी पुन्हा सुरू केली होती, आणि फ्रान्समध्येही त्याचं हसं झालं असावं, कारण नंबर दगडासारखा खाली गेला. एकवीस. चाळीस. अठ्ठावन्न. यूसुफभाईंचाही फोन आला. ते आता मुलाच्या गॅरेजात खुर्ची टाकून बसतात. “वैनी, मी जां बघितलं तेवढंच बोललो हो. पुढचं लोकांनी जोडलं. तुमच्या मुलाला मी सांगू काय, की शेजारी सैनिक बसणं म्हणजे काय होतं त्या वेळेला? माझ्याही गाडीत बसले होते दोनदा.” मी म्हटलं, “नका सांगू, यूसुफभाई. तो ऐकून घेईल, आणि तुम्हाला चहा पाजेल.” ते मग म्हणाले, “प्रतापभाईंना नको होता तो सैनिक शेजारी बसवायला, वैनी. पण बसवलाच ना. नाय म्हणून कसं चालणार?” सगळं अगदी आता घडत असल्यासारखं.

यादी शंभरांची आहे. शंभराच्या खाली गेला की नाव निघून जातं. मी रोज सकाळी, चहाच्याही आधी, वरचा अंगठा दाबत होते. दोनशे खाली ओढणारे आणि वर ढकलणारी मी एकटी. नकाशावर कुवेत खालच्या अंगठ्यांनी काळं झालं होतं, त्यात माझा ठिपका दिसेनासा झाला. लीनानं एकदा पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “आई, ज्यानं तुम्हाला नाही म्हटलं त्याला तुम्ही…” मी तिला सांगितलं, “अगं, यादीत आहे तोवर कुणीतरी त्याच्या तोंडापुढं माइक धरील. काहीतरी विचारील. घरी जाऊन बसला की संपलं. मग त्याला कोण विचारणार?” ती म्हणाली, “आणि विचारलं तरी तो सांगेल असं वाटतं तुम्हाला?” मला वाटत नव्हतं. पण तो मेला असं वाटत होतं तेव्हाही मी पस्तीस वर्षं काही करत नव्हते असं नाही.

शुक्रवार होता, सुट्टीचा. निखिल डायनिंग टेबलावर पोहे खात होता, मी समोर, लीना लिंबू चिरत. सलोनी सोफ्यावर तिच्या भाषणाची तयारी करत होती. बाईंनी पुढारी बदलू दिला नव्हता. तिनं तीच मुलाखत लावली, पुढचा राहिलेला भाग. रेमीचा आवाज खोलीत पसरला. निखिलनं “आवाज कमी कर” म्हणायला मान वळवली. मुलाखत घेणारी बाई काहीतरी विचारत होती आणि तो हसत होता. “काय म्हणतोय?” मी विचारलं. सलोनी म्हणाली, “ती विचारते, एकटे असताना वेडे नाही झालात? तो म्हणतो, बाहेर बुटांचे आवाज आले की मी श्वास धरून मोजायचो. भिंतीवर त्यांचं कॅलेंडर होतं, इंडियन. त्यावरून मी त्यांचे आकडे शिकलो. अजून येतात.” आणि मग रेमी कॅमेऱ्याकडं बघून, बोटं वर करत, शाळेतल्या पोरासारखं म्हणाला, “एक, दोन, साडेमाडे तीन, चार, पाच.” बाई टाळ्या वाजवायला लागली. साडेमाडे म्हणताना त्याचा स्वर खाली जाऊन तीनवर एकदम उडी मारून वर आला.

सलोनी म्हणाली, “पप्पा, व्हॉट इज साडेमाडे? तारीख आहे का?”

निखिलनं चमचा खाली ठेवला. त्याचा बाप त्याला असंच म्हणत उचलायचा. काखेत हात घालून, एक म्हणून जरा वर, दोन म्हणून जरा वर, साडेमाडेला खोटं खोटं सोडायचा, आणि तीनला पार डोक्यावर. पोर साडेमाडेलाच किंचाळायचं. हे मी विसरले होते. मी ड्यूटीवर असताना बंद घरात ती दोन मोठी माणसं जिन्यातले बूट जाईपर्यंत काय करत असत ते मला माहीतच नव्हतं. निखिलचे दोन्ही हात टेबलाच्या कडेला होते आणि बोटांची टोकं पांढरी झाली होती. लीना लिंबू हातात धरून उभी होती.

“कॅलेंडरवर नसतं ते,” तो म्हणाला. कुणाला उद्देशून नाही. “पुन्हा लाव.” सलोनीनं लावलं. “पुन्हा.” तिसऱ्यांदा ऐकल्यावर तो उठला, पाणी प्यायला, येऊन बसला. त्यानं मग माझ्याकडं न बघता विचारलं, “डिकीत हवा कुठून येत होती?”

मला आधी कळलंच नाही, तो माझ्याशी बोलतोय. मग मी म्हटलं, “मागच्या सीटची पाठ प्रतापनं आदल्या दिवशी सैल केली होती. दोन स्क्रू काढले. बोटभर फट होती.”

“बोटभर?”

“दाबून बघितली होती मी. हात जात नव्हता, बोटं जायची.”

“म्हणजे पुढचं बोलणं मागं ऐकू जात असणार.”

“सगळं,” मी म्हटलं.

तो मान हलवत राहिला, प्लँटवर एखादा व्हॉल्व्ह का गळतोय ते समजल्यावर हलवत असेल तशी. डोळे लाल झाले होते, पण रडला नाही. मलाही रडू आलं नाही. “कितवा आहे आता?”

“ब्याण्णव.”

“एका फोनवरून एकदाच ना?”

“दिवसाला एकदा.”

त्यानं खिशातून आपला फोन काढून टेबलावर ठेवला. मग उठून दाराशी टांगलेल्या गणवेशाच्या खिशातून कंपनीचा फोन आणला आणि तो पहिल्याच्या शेजारी ठेवला. पोह्यांची बशी बाजूला सारली.

“लिंक पाठव,” तो म्हणाला.